मार्थाचं खानदान

घाटंजीच्या हुस्नाबींना आपल्या फरहाचा इतका अभिमान, की ऐकायला माणसं कमी पडत. पोरगी घरबसल्या अमेरिकेचं काम करते, म्हणजे काय थट्टा आहे! तिकडच्या एका बाईंना आपल्या खापरपणजीची माहिती हवी होती. मार्था नावाची खेड्यातली शेतकरीण, दीडशे वर्षांपूर्वीची. फरहा कॉम्प्युटरवर जुने कागद धुंडाळून तिचं सगळं घराणं शोधत होती.

"बाप काय करत होता तिचा?" हुस्नाबींनी पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"शेती."

"अन् भाऊ?"

"चार."

"मंग लाडाची असन पोरगी!"

झालं. हुस्नाबींना मार्थाचं वेडच लागलं. आठवडी बाजारात वांगी निवडताना त्या शेजारणीला म्हणाल्या, "अमेरिकेची मार्था हाये ना, तिचं खानदान पाहून राह्यलो आमी. लय चांगले लोकं. घरची शेती, चार भाऊ, अन् पोरगी एकदम कामाची."

आता घाटंजीत कुणी कुणाचं खानदान उगाच बघतं का? शेजारीण वांगी टाकून निघालीच. हुस्नाबींचा मुलगा सैफ तेवढा लग्नाचा, आणि त्याची तर नेरच्या अस्माशी मंगनी झालेली! संध्याकाळी सैफच्या गॅरेजवर लोक त्याला 'अमेरिकेचे जावई' म्हणू लागले. थट्टा समजून सैफ नुसता हसला. ते हसणंही नेरला पोचलं.

सकाळच्या एसटीनं अस्माचे वडील तनवीरभाई हजर. हट्टानं अस्माही सोबत आलेली. तनवीरभाई दारातूनच कडाडले, "हुस्नाभाभी, गोऱ्या सुनेची हौस होती तं आमच्या पोरीले अंगठी कायले घातली? घ्या तुमची अंगठी वापस!"

सैफचं तोंड उतरलं. अस्मावर त्याचा भारी जीव. "चाचा, कोन गोरी? अम्मीची कसम, मले काहीच मालूम नाई!"

"मार्था!"

"या अल्लाह! चाचा, तिले मरून सव्वाशे वर्सं झाली," म्हणत फरहानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तनवीरभाईंनी चष्मा चढवला. फोटोतल्या सुरकुतलेल्या, करारी म्हातारीकडे पाहिलं, मग सैफकडे पाहिलं.

"नाई... जोडा नाई जमत," ते पुटपुटले आणि खाली बसून त्यांनी पाणी मागितलं.

इथं हुस्नाबींनी गप्प बसायचं ना! पण अभिमान गप्प बसू देतो होय? "मेली म्हणून काय झालं? नवरा गेला, पदरात सहा लेकरं. दीर जमीन मांगाले आले, तं मार्था म्हणे, आधी जमीन माह्या नावानं करा, मंग बोला! अन् करून घेतली! माह्या घरात अशी सून पाह्यजे!"

अस्मानं ओढणी नीट केली. "बरं झालं सांगतलं, अम्मी. मंग अर्धं गॅरेज माह्या नावानं करा."

तनवीरभाईंना पाणी पिता पिता ठसका लागला. फरहानं तोंडावर हात दाबला. हुस्नाबींनी फोटोतल्या म्हातारीकडे पाहिलं, अस्माकडे पाहिलं, आणि त्यांची छाती फुगली.

"सैफ, नवा बोर्ड रंगव. अस्माचं नाव मोठं लिव्ह."

"अन् माह्यं?"

"तुह्यं कायले? मार्थाच्या नवऱ्याचं नाव इचारलं का कोणी?"