सोसलेलं ऑम्लेट

चष्मेवाल्याच्या घरात अंडं शिजणं बंद झालं ते दोघींमुळे. थोरल्या बहिणीचा धर्म आडवा आला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीची पृथ्वी. एरवी आत्या-भाचीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण चष्मेवाल्याच्या जिभेला लगाम घालायचा म्हटलं की दोघींचा सूर जुळलाच.

एका सकाळी ताई खाटकाकडून जिवंत कोंबडी सोडवून घेऊन आली.

"मरणाच्या दारातून ओढून आणलीय!"

"आत्या, पहिल्यांदा पटलं तुझं काहीतरी," म्हणत मुलीने बाल्कनीत खोकं मांडलं.

दुसऱ्या दिवशी खोक्यात अंडं दिसलं आणि घरात पेच पडला.

"आपल्या धर्मात चालत नाही," ताई म्हणाली.

"आणि ते तिचं आहे. तिला विचारलंय कुणी?" मुलगी म्हणाली.

"मग फेकू?" चष्मेवाल्याने चाचरत विचारलं.

"अन्न फेकायचं? पाप लागेल!"

"वाया घालवणं तर खाण्याहून वाईट, बाबा."

"शेजाऱ्यांना देऊ?"

"म्हणजे आपलं पाप त्यांच्या गळ्यात?" ताई कडाडली.

चष्मेवाल्याने मोठा उसासा टाकला. "मग मीच घालतो पोटात. कुणीतरी सोसायलाच हवं."

तेव्हापासून तो कडू काढा घेतल्यासारखं तोंड करून ऑम्लेट खाऊ लागला. दोघी हळहळत बघत राहायच्या. पण एका अंड्याने त्याचं भागेना.

"ताई, खाटकाकडे बाकीच्या राहिल्यात गं," तो एकदा गहिवरून म्हणाला. "घास उतरत नाही घशाखाली."

ताईने आणखी दोन आणल्या. ऑम्लेट ताटाबाहेर जाऊ लागलं, तसं सोसणंही वाढवावं लागलं. तो छाती चोळायचा, कण्हायचा. शेवटच्या घासाला तर डोळेच मिटायचा, आणि ते मात्र अगदी खरं असायचं.

एका संध्याकाळी तो दुकानातून आला, तर बाल्कनी धुऊन लख्ख आणि कोंबड्या गायब!

"माझ्या मैत्रिणीच्या शेतावर सोडल्या," मुलगी म्हणाली. "तिथे मोकळ्या फिरतील."

"आणि अंडी?"

"तिची आजी खाते. आवडीने."

"अगं, पण मी सोसत होतो ना! आणखी सोसलं असतं!" चष्मेवाल्याचा आवाज खरोखरच कापला.

ताईने पदराने डोळे टिपले. "ऐकलंस? अजून सोसायला तयार आहे. म्हणूनच म्हटलं, त्याला विचारूच नको. नाही म्हणाला असता."