स्वानंदचा ‘ळ’

क्लिनिकचा फॉर्म चार दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होता आणि स्वानंद त्याला वळसा घालून चहा करत होता. प्रश्न साधाच होता : वडिलांच्या बाजूच्या किती पुरुषांना मूल होण्यात अडचण आली?

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. शुक्राणू कमी, आणि आहेत तेही दमलेले. कारण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असेल, म्हणजे लोखंडाला गंज चढतो तसं काहीसं. नाहीतर मग जनुकांतच खोट असेल, बापाकडून मुलाकडे आलेली. पहिल्यासाठी गोळ्या सुरू झाल्या होत्या. दुसऱ्यासाठी घराण्याची माहिती हवी होती, तीही गुरुवारपर्यंत.

“बाबांना सरळ विचार ना,” आश्लेषा म्हणाली. ती पुण्याहून लग्न होऊन लंडनच्या स्टॅनमोरला आलेली. सरळ विचारण्यात तिला कधी काही वाटलं नव्हतं.

“नो वे! ते स्वतः डॉक्टर आहे. काय म्हणेल मला?”

ग्लासगोत निवृत्त झालेले त्याचे बाबा, डॉ. गिरीश, ‘आपल्या घराण्यात नाव ठेवायला जागा नाही’ असं येता-जाता म्हणत. त्यांच्या लेखी आपणच ती जागा ठरू, ही स्वानंदची भीती होती. मूल तर त्याला जिवापाड हवं होतं.

शेवटी आश्लेषानंच युक्ती काढली. वंशावळ करतोय म्हणून सांगायचं. वाक्यही तिनं त्याच्याकडून घोकून घेतलं : “मला आपल्या घराण्याची मुळं शोधायची आहेत.” फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. ग्लासगोत जन्मलेल्या स्वानंदला ‘ळ’ म्हणता येत नसे, आणि सहा वर्षांच्या संसारात तिच्या कानांना त्याची सवय झाली होती.

“बाबा, मला आपल्या घराण्याची मुलं शोधायची आहेत.”

पलीकडे बाबांनी टीव्ही बंद केला.

“मुलं?”

“हो, सगली. जुनी पण.”

“आश्लेषाला चालणार आहे?”

“तिचाच आयडिया आहे, बाबा.”

बाबांनी जड आवाजात “बरं” म्हणून फोन ठेवला आणि बापाचं कर्तव्य म्हणून भाऊबंदांच्या ग्रुपवर लिहिलं : ‘स्वानंद-आश्लेषा दत्तक घेण्याच्या विचारात आहेत. मूल नात्यातलंच हवं. वयाची अट नाही.’

सकाळी स्वानंदच्या फोनवर त्रेचाळीस मेसेज होते. नाशिकच्या वरदाआत्यानं आपला नकुल देऊ केला होता. ‘एकवीस वर्षांचा आहे, पण शांत आहे. नाहीतरी मास्टर्स तिकडेच करायचंय त्याला.’ स्वानंदला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता खुलासा करावा तर खरं सांगावं लागणार, न करावा तर नकुल बॅग भरणार!

तेवढ्यात ज्ञानेश्वरकाकांचा वेगळा मेसेज आला. ‘घाई करू नकोस. आम्हालाही सात वर्षांनी झालं. दोष माझ्यात होता. कुणाला बोलू नकोस.’ मागोमाग चुलतभाऊ साकेत : ‘आमची लेक तिसऱ्या आयव्हीएफची. बाहेर बोलू नकोस.’ दुपारपर्यंत घराण्यातल्या पाच पुरुषांनी आपापलं मन मोकळं केलं, आणि पाचांपैकी एकालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. आश्लेषानं फॉर्म पुढे ओढला नि लिहायला लागली. स्वानंद शेजारी बसून राहिला. कित्येक दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला होता.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. आवाज दबका होता.

“स्वानंद, एक राहिलंच सांगायचं. तुझ्या वेळी आम्हीही सहा वर्षं थांबलो होतो. काउंट माझा कमी होता. मी स्वतः डॉक्टर, कुठल्या तोंडानं कुणाकडे जाणार? गुपचूप व्हिटॅमिन ई घेत होतो. तुझ्या आईला अजून माहीत नाही. केस गळतात म्हणून घेतोय, असं सांगितलं होतं तिला.”

“बाबा, माझा पण... सेम आहे.”

“अरे वेड्या, मग मला सांगायचं नाही का?”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला, आणि आई म्हणाली, “अहो, केस होते कुठे गळायला? लग्नात मुंडावळ्या ठरत नव्हत्या तुमच्या डोक्यावर!”