गावंडे भाऊंचा हंस

गावंडे भाऊंनी या वसंतात बगळ्याला सात वेळा हंस म्हटलं. मी मोजलं आहे. वाशीमच्या कडेनं जाणाऱ्या आमच्या नदीत हंस नाही, कधी नव्हता, आणि पाण्याची सध्याची अवस्था पाहता यायची शक्यताही नाही.

तिला नदी म्हणणं हाही आमचा मोठेपणाच. पाणीपातळीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत मी वीस वर्षं काढली, म्हणून सांगतो, फाल्गुन लागला की काही ठिकाणी पातळी मोजायला पट्टी लागत नाही, बोट पुरतं. पण काठाची पायवाट चांगली आहे आणि या दिवसांत पळस फुललेला असतो. त्यामुळे दर रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही अकरा माणसं जुन्या पुलापासून बंधाऱ्यापर्यंत चालत जातो. तीन हजार एकशे चाळीस पावलं. ही माझी. कापडदुकानवाले शेठजी बुटके आहेत, त्यांची जास्त होतात.

गावंडे भाऊ एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. ते संक्रांतीच्या सुमारास आमच्यात आले आणि दोन रविवारांत आमच्या फिरण्याची बस झाली. चिंचेचं झाड, धोबीघाट, मोटारपंप, बंधारा असे चार थांबे त्यांनी ठरवले. थांब्यावर माणसं मोजायची, मग ओरडायचं, "कोनी राह्यलं का? चला म्होरं, म्होरं जागा हाय!" नदीकाठी पुढे जागा असणारच. पण सांगितल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे.

आणि दिसेल त्याची घोषणा. तीही अशा आवाजात, की आमच्या आधी पक्ष्यांना खबर मिळे. "डाव्या हाताले हंस!" बगळा उडून जाई. "उजव्या हाताले सागाचं झाड!" ते मोहाचं असे. टिटवीला तितर म्हणाले, कडुनिंबाला चिंच म्हणाले. तेसुद्धा चिंचेच्या थांब्यावर, खऱ्या चिंचेखाली उभं राहून.

गंमत अशी, की प्रत्येक थांब्यावर ते दहा पावलं बाजूला जात, शर्टाच्या खिशातला मोबाइल कानाला लावत, मुकाट ऐकत, आणि परत येऊन हात वर करत. "दुरुस्ती! मंघाशी हंस सांगतला, थो बगळा हाय."

"भाऊ डेपोले विचारून राह्यले," शेठजी म्हणत. "वरून मंजुरी आल्याशिवाय बगळा जाहीर होत नाही."

सगळे हसत. मी हसत नसे. चूक दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. मी वहीत नोंद ठेवायला लागलो. पहिल्या रविवारी चार चुका, दुसऱ्या सहा, तिसऱ्या नऊ. माणूस शिकतो तशा चुका कमी व्हायला हव्यात. यांच्या वाढत होत्या. असा आलेख मी नोकरीत पाहिला नव्हता.

मग मी पक्ष्यांचं आणि झाडांचं अशी दोन पुस्तकं आणली आणि भाऊंच्या शेजारून चालू लागलो. त्यांनी "हंस" म्हणायचा अवकाश, मी लगेच "बगळा" म्हणे. "साग." "मोह." "तितर." "टिटवी." उत्तर द्यायला मला सरासरी दोन सेकंद लागत. दोन रविवारांत भाऊंचं बाजूला जाणं बंद झालं. तिसऱ्या रविवारी ते काहीच बोलले नाहीत. माणसं मोजली आणि मागे मागे चालत राहिले. सुधारणा शंभर टक्के, असं मी घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना बरं नसेल." मी म्हटलं, तब्येतीचा इथे संबंध नाही.

त्याच रविवारी बंधाऱ्यावर बसून आम्ही ठरवलं, की यापुढे नावं मी सांगायची, इतरांनी शांतता पाळायची. ठराव माझाच होता. भाऊ फक्त "बरं" म्हणाले. मला थोडं अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी बेचाळीस झाडापक्ष्यांची यादी स्वच्छ अक्षरात काढली, मागच्या बाजूला त्यांच्या चुका लिहिल्या आणि शनिवारी त्यांच्या घरी द्यायला गेलो.

पुढच्याच खोलीत खाट होती आणि खाटेवर त्यांची बायको पडून होती. खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसत होती, दुसरं काही नाही. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. भाऊंनी स्वतः चहा केला, बशीत ओतून त्यांना पाजला. "कडक झाला का?" त्यांनी मान हलवली. "उशी वर करू?" मान. चहा होईपर्यंत मी मोजलं, त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

भाऊ फाटकापर्यंत सोडायला आले. यादी उलटीसुलटी करून पाहिली.

"अक्षर चांगलं हाय साहेब. पन मी धनजच्या शेतकऱ्याचा पोट्टा. मले बगळा समजत नसन का?"

"मग हंस काहून म्हणता?" माझ्याही तोंडून काहून आलं.

"दिवाईत मोरीत पडली ते. खुब्याचं हाड गेलं. तवापासून उठत नाही. थे तर उठन कधी ना कधी. पन बोलत नाही न! पोराचा फोन आला तरी नाही." ते फाटकाची कडी खालीवर करत होते. "नदीकाठच्या गावातली हाय. झाड, पाखरू, समदं ठाऊक. आन् माही चूक तिनं अडतीस वर्सांत एकबी सोडली नाही. म्हनून फिरतानी फोन चालू ठेवतो खिशात. मी चुकलो का बोलते. शिव्या देते, पन बोलते."

मी त्यांच्या हातातल्या यादीकडे पाहिलं.

"आता तुमी अगोदरच बरोबर सांगून टाकता. मंग तिले काय उरलं?"

यादी त्यांनी घडी करून परत माझ्या हातात दिली. रागानं नव्हे. तिकिटाचे उरलेले पैसे द्यावेत तशी.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला मी पुलावर होतो. ठरावाप्रमाणे नावं मी सांगायची होती. भाऊ सगळ्यांच्या मागे होते. चिंचेच्या पुढे पायवाट वळते तिथे पळस उभा आहे, पान एक नाही, नुसता केशरी. वऱ्हाडात रांगतं पोरसुद्धा त्याला चुकणार नाही. मी मागे गेलो, भाऊंच्या अगदी खिशाजवळ उभा राहिलो आणि घसा साफ करून जोरात म्हणालो, "हा गुलमोहर!"

अकरापैकी नऊ माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "साहेब," शेठजी हळूच म्हणाले, "चक्कर-बिक्कर येऊन राह्यली का?"

खिशातून खरखर आली. भाऊंनी मोबाइल काढून कानाला लावला. मग काय वाटलं कोण जाणे, तो माझ्यापुढे धरला.

"कोन होय जी हा येडा?" बाईंचा आवाज बारीक होता, पण ठसठशीत. "पयस हाय पयस! फाल्गुनात कायचा गुलमोहर? इतके दिवस वाटे माह्याच घरी एक हाय, हा तं त्याहून गेला! आमी पयसाच्या पत्रावयी लावत होतो, त्याचाच रंग होयीले..." आणि त्या बोलत राहिल्या. पत्रावळी, रंग, आईकडची गाय, पुरात वाहून गेलेली पाटी. मी घड्याळ पाहिलं नाही. भाऊ पळसाकडे तोंड करून उभे होते आणि उगाच नाक पुसत होते.

मधेच बाई थांबल्या. "म्होरं काय दिसते?"

भाऊंनी मला सांगायची खूण केली.

समोर विजेच्या तारेवर खंड्या बसला होता. निळा पंख, लांब चोच, पुस्तकातल्या चित्रासारखा स्पष्ट.

"पोपट आहे, वहिनी," मी म्हणालो.