हुसेनभाईंची झटका खाणारी गाडी

हुसेनभाई लग्नाला वेळेवर पोचायचे, पण गाडीतून उतरायचे नाहीत. मांडवाबाहेर इंजिन चालू ठेवून नुसते बसून राहायचे. यजमान बोलवायला आला की म्हणायचे, “आधी गाडीचा श्वास खाली बसू दे.” दासगावच्या एका लग्नात तिचा श्वास बसेपर्यंत बिर्याणी संपली.

महाडात ते माझे शेजारी. हयात कुवेतच्या गॅरेजात गेलेली. परतताना त्यांनी टर्बोवाली जपानी गाडी आणली; थांबल्यावर तापलेला टर्बो निवेपर्यंत तिचं इंजिन चालूच ठेवावं लागे. मुलानं, रशीदनं, हौसेनं घेऊन दिलेली. तो मात्र तिकडेच राहिला. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हते, एक तिकोनी तुकडा पोटात गरगर फिरायचा. हे ते समोसा हातात धरून समजावत, आणि समजावून होईपर्यंत समोसा गार.

कशेडी घाटात चढावर जोर दिला की गाडी झटका खाऊन मरगळायची. मागचे ट्रकवाले शिव्या द्यायचे. टर्बोनं जास्त हवा कोंबली की गाडी आपणहून पेट्रोल तोडते, नाहीतर आतल्या बारीक पट्ट्या तुटून इंजिन कायमचं जातं, असं ते पोलादपूरच्या टपरीवर चहा घेताना सांगत. “मास्तर, ती बिघडत नाय. जीव वाचवते.” मी मान डोलवायचो आणि महाडात येऊन तिला ‘उचकीवाली’ म्हणायचो. ते नाव माझंच.

त्या इंजिनाचा सुटा भाग मुंबईतही मिळत नसे. त्यामुळे स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत.

बऱ्याच वर्षांनी रशीद आला, थोड्या दिवसांसाठी. येताना इंजिनाच्या वायरींना जोडायची एक इलेक्ट्रॉनिक डबी घेऊन आला. ती बसवली की गाडी पेट्रोल तोडत नाही, झटका बंद. हुसेनभाईंनी त्याला धोका समजावला. तो हसला. “अब्बा, तुम्ही तिला म्हातारी करून ठेवलीय. बसवा ना.”

सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं आणि स्वतःच्या हातानं ती डबी बसवली.

घाटात रशीद चालवत होता, ते शेजारी, मी मागे. झटका आलाच नाही. गाडी अशी सुटली की रशीद पोरासारखा खिदळायला लागला. हुसेनभाई रस्त्याकडे बघतच नव्हते, त्याच्याकडे बघत होते. मग एका वळणावर आत काहीतरी तडकलं आणि मागून पांढरा धूर आला.

रशीदचा चेहरा पडला. “तुझं काय नाय रे,” हुसेनभाई म्हणाले. “डबी माझ्याकडून नीट बसली नसंल.”

महाडात आजही तेच सांगतात, की हुसेनभाईंनी चुकीची जोडणी करून चांगली गाडी घालवली. मी तेव्हा काही बोललो नाही, उलट हसणाऱ्यांत हसलो. आता ते नाहीत, म्हणून लिहितो: डबी त्यांनी चोख बसवली होती आणि पुढे काय होणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रशीद परत गेल्यावर मी विचारलं होतं, माहीत असून बसवलीत कशाला?

ते बंद गाडीची काच पुसत होते.

“आजपतूर तो देतच आला, मास्तर. मागितलं त्यानं पयल्यांदाच.”