चार वाजताचं ऊन

देवाजीभाऊ गुरनुल्यांना "कसे आहात?" असं विचारलं, तर ते आधी आकाशाकडे बघतात, मग जमिनीवर पडलेल्या सावलीकडे आणि शेवटी तुमच्याकडे. मग म्हणतात, "ते सोडा. थोडे इकडे सरका, तुमच्या मानेवर ऊन येऊन राह्यलं."

सिंदेवाहीत त्यांचा घरांचे नकाशे काढायचा गाळा आहे आणि त्याला लागून माझा कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास. मधली भिंत एका विटेची. त्यामुळे गेली पंधरा वर्षं त्यांचं गिऱ्हाइकांशी होणारं बोलणं मी शिकवता शिकवता ऐकत आले आहे. लोक स्वयंपाकघर कुठे, देवघर कुठे हे सांगत असतात आणि भाऊ मध्येच विचारतात, "ते सोडा. उनाचं सांगा. कुठून येते?"

एकदा आम्ही सकाळच्या एसटीनं चंद्रपूरला निघालो. भाऊंनी मला उजवीकडच्या सीटवर बसवलं. मूल गाव आलं तसे उठले आणि म्हणाले, "चला मॅडम, आता पुढं. इथून गाडी वळते, ऊन मागून येते." पुढच्या सीटवर एक गृहस्थ झोपले होते. त्यांना उठवून भाऊंनी सूर्याची दिशा समजावली. ते गृहस्थ चंद्रपूरपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत, पण झोपलेही नाहीत.

एका मास्तरांना घराची पुढची बाजू नागपूरच्या शोरूमसारखी काचेची हवी होती. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "लावा न काच," ते म्हणाले, "पन सर, मंग आत मानसं नोका ठेऊ. वांगे ठेवा. भरताले चांगले भाजतीन." मास्तर रागावून गेले. आठ दिवसांनी परत आले आणि व्हरांड्याचा नकाशा काढून घेऊन गेले.

साठीला टेकलेल्या या माणसानं माझ्याकडून थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकायचं ठरवलं, तेव्हा मी मनातून हसले होते. पण त्यात गाव, तारीख आणि वेळ टाकली की त्या वेळचं ऊन घरावर पडतं, हे कळल्यावर भाऊंचा चेहराच बदलला. "म्हंजे सूर्य आपल्या हातात हाये," ते हळूच म्हणाले. मग बाहेर जाऊन विजेच्या खांबाची सावली काठीनं मोजून आले. ती संगणकातल्या सावलीशी जुळेना. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. शेवटी उत्तर दिशा मीच चुकीची लावली होती हे निघालं. तेव्हापासून त्यांचा संगणकावर पूर्ण विश्वास आहे आणि माझ्यावर थोडा कमी.

तर एप्रिलमध्ये मला फोनवर एक जाहिरात दिसली. संगणकावर तयार केलेल्या वास्तुचित्रांची स्पर्धा. विषय: सावली.

"आपल्या सावलीवर?" भाऊ एकदम ताठ बसले. "मूलच्या पल्याडच्या? तालुक्यावर काऊन स्पर्धा ठेवून राह्यले?"

"सावली गाव नाही हो भाऊ. उन्हातली सावली."

त्यांनी दारातल्या उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग मले फारम भराच लागते."

मी त्यांना अशा स्पर्धांत बक्षीस मिळालेली चित्रं दाखवली. आभाळाला टेकलेले मनोरे, लोंबत्या बागा, पाण्यावर तरंगणारी ग्रंथालयं. भाऊंनी चष्मा पुसून प्रत्येक चित्र पाहिलं. "सुंदर हायेत," ते म्हणाले. "पन सावली सारी दागिन्यावानी हाये. कोनाच्या आंगावर पडलीच नाई."

त्यांनी आठवडी बाजार काढायला घेतला. बांबूचे खांब, वर एका बाजूनं उतरतं छत, खाली टोपल्या. सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं मिळतात. ती मी बाजारात सोडून दिली. सुटातला एक साहेब, कुत्रं घेऊन चाललेली गोरी बाई, लॅपटॉपवाला.

"हे लोकं मेथीची जुडी घेतीन का?" भाऊंनी विचारलं आणि सगळ्यांना हाकलून दिलं. त्यांच्या जागी एकच बाई, तीही स्वतः घडवायची, असं ठरलं. पहिल्या दिवशी ती बटाट्याच्या पोत्यासारखी दिसत होती. नऊ दिवसांनी तिला खांदे आले, पदर आला, तराजू धरलेला हात आला. तोवर दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती.

आकृतीवर ऊन, रंग आणि पोत चढवून संगणक शेवटचं चित्र तयार करतो, त्याला भाऊ 'शिजवणं' म्हणतात. त्यांच्या जुन्या संगणकावर ते शिजायला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागे आणि मे महिन्यात तो तापून मध्येच बंद पडे. भाऊंनी कूलरचं तोंड त्याच्याकडे केलं आणि स्वतः पंच्यानं वारा घेत बसले. कुणी विचारलं, "भाऊ, काय करून राह्यले?" तर उत्तर यायचं, "बाजार शिजून राह्यला. उद्या या."

चौथ्या प्रयत्नात चित्र निघालं. सोबत थोडं वर्णन पाठवायचं होतं. भाऊ सांगत गेले आणि मी टाइप करत गेले.

"मे महिना, दुपारचे चार. ऊन डावीकडून येते. इथी बसनाऱ्या बाईचा डावा हात उजव्याहून काळा पडला हाये. डावा गाल बी. हे छत त्या हातासाठी हाये."

माझी बोटं थांबली. "कोणती बाई, भाऊ?"

"बाजारातली," ते म्हणाले आणि खिडकीचं माप घ्यायला उठले.

निकाल लागला. पहिल्या तिघांत नाव नव्हतं, उत्तेजनार्थमध्येही नाही. परीक्षकांनी दोन ओळी कळवल्या होत्या: अभ्यास चांगला, पण चित्रात भव्यता नाही. भाऊंनी ते दोनदा वाचलं. "भाजी खाली बसून इकतेत," ते म्हणाले. "भव्य कुठून येईन?" त्या दिवशी त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला सरकून बसायला सांगितलं नाही. मला ते बघवेना. मी चित्र मोठं छापून त्यांच्या भिंतीवर चिकटवलं.

दोन दिवसांनी सुमनबाई, त्यांच्या पत्नी, घराची किल्ली द्यायला आल्या. त्यांची भाजीची वाडी आहे. दर बाजाराला त्या त्यांच्या ठरलेल्या जागी बसतात आणि मी पंधरा वर्षं त्यांच्याकडूनच वांगी घेते. त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. भाऊ आपले बंद संगणकाच्या पडद्याकडे एकाग्रतेनं बघत होते.

"हे मी हावो का?" सुमनबाईंनी विचारलं.

वर्णनाचा कागद टेबलावर होता, तो मी वाचून दाखवला. सुमनबाईंनी दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डावा खरंच काळवंडलेला होता, कोपरापासून बोटांपर्यंत. मी इतकी वर्षं त्याच हातातून सुटे पैसे घेतले होते.

"मले वाटे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे मलेच मालूम हाये."

"बाजाराच्या दिवशी चहाले येतो न मी तिकडे," भाऊ पुटपुटले. "पलीकडून दिसते."

"मंग इकडे काऊन नाई येत?"



पुढच्या बाजाराला मी गेले तेव्हा सुमनबाईंच्या जागेवर चार बांबू उभे होते आणि वर हिरवी जाळी, डाव्या बाजूला जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेली. भाऊ शेवटची गाठ मारत होते. शेजारचा कांदेवाला मान वाकडी करून बघत होता. "देवाजीभाऊ," तो म्हणाला, "तुमी इंजिनेरच्या वरचे, अन् हे असं वाकडं काऊन बांधलं?"

भाऊंनी तोंड उघडलं, पण सुमनबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"वाकडं नाई ते," त्या कोथिंबीर झटकत म्हणाल्या. "माह्या मापाचं हाये."