शिवानीची वासाची तपासणी

गेल्या वर्षापर्यंत आमच्या धावडा गावच्या शेतात पाऊल टाकायचं तर आधी माझ्या मुलीकडून स्वतःला हुंगवून घ्यावं लागायचं. पाहुणा असो, शेजारी असो, नाहीतर प्रत्यक्ष बाप. शिवानी बांधावर उभी असायची. दोन पावलं पुढे येऊन खांद्याजवळ हुंगायची आणि निकाल द्यायची, "चमेलीचं तेल. बिलकुल चालणार न्हाई. मागं फिरा."

कारण बांधाच्या टोकाला, शेवग्याखाली तिची मधमाश्यांची पेटी. माश्यांना उग्र वास खपत नाही, आणि माश्यांना जे खपत नाही ते शिवानीला खपत नाही. एकदा माझे मेहुणे सेंट मारून आले, तर तिने त्यांना हौदावर नेऊन बेसनाने मान धुवायला लावली. जाताना ते म्हणाले, "दाजी, हिला जल्दी पोलिसात घाला."

हा नाद तिला अकरावीत लागला. मी पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत मास्तर. पेटी मी आणून दिली. तिच्या आईने जुन्या मच्छरदाणीची जाळीची टोपी शिवली, आणि पावसाळ्यात फुलं नसतात म्हणून माश्यांसाठी साखरेचा पाक करून दिला. मी वीस वर्षांचं चमेलीचं तेल सोडलं. तेव्हापासून वर्गात माझे केस उभेच असतात.

मधाचं मात्र नाव काढायचं नाही. मी शाळेत सगळ्यांना बाटली कबूल करून बसलेलो. शिवानी म्हणायची, "त्यांचा हाय तो, पप्पा. त्यांनी खाऊन उरला तर बघू."

शेजारचे अप्पा आधी हसायचे, "म्हशी पाळाव्या, माशा काय पाळती!" मग माश्या फिरून त्यांच्या कांद्याच्या बियाण्याचे गोंडे असे गच्च भरले की अप्पांनी आमच्याकडून फवारणीची वेळ विचारून घेतली. आता ते फवारणी ऊन उतरल्यावर करतात, तीही आम्हाला फोन करून. हे सांगताना माझी छाती फुगते. फुगू द्या.

बारावीनंतर तिचा परभणीला शेतीच्या कॉलेजात नंबर लागला आणि बाई अडून बसल्या. "मी न्हाई जाणार. पेटी कोन बघंन? तुम्ही माशी दिसली की पळता."

खरं होतं. पण पोरीचं शिक्षण माझ्या भित्रेपणापायी अडावं, हे मला सोसेना. म्हटलं, "माझी परीक्षा घे. पास झालो तर जाशील?"

"जाईन."

परीक्षा रविवारी ठरली. त्या सकाळी गल्लीत एक साखरपुडा होता. तिथे तोंड दाखवून मी तसाच शेतात आलो. शिवानीने हुंगलं, पण नेमकी तिला सर्दी. जाळीची टोपी घालून मी पेटी उघडली, आतली पिल्लांच्या पोळ्याची लाकडी चौकट दोन्ही हातांनी अलगद वर उचलली, आणि मग आठवलं. मांडवाच्या दारात कुणीतरी रिवाजाप्रमाणे माझ्या हाताच्या पाठीवर अत्तर लावलं होतं.

माश्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. एक डसली, दुसरी डसली, मग मोजायचं सोडून दिलं.

"पप्पा, टाकू नका! पिल्लं हायत!"

नाही टाकली. तिने शिकवलं होतं तशी, एकही माशी न चिरडता, चौकट जागेवर बसवली. झाकण लावलं. आणि मगच बोंबलत हौदाकडे पळालो.

हात भाकरीसारखा फुगला. शिवानी माझ्याशेजारी बसून नखाने एकेक काटा खरवडून काढत होती. डोळे पुसत होती. मला वाटलं, झालो नापास.

"पास," ती म्हणाली. "पण काठावर."

ती निघाली त्या सकाळी मी तिला एस.टी.वर पोचवायला गेलो. बॅग आत ठेवून ती परत खाली उतरली. सवयीने दोन पावलं पुढे आली आणि माझ्या खांद्याजवळ हुंगलं.

"कशाचाच वास न्हाई," म्हणाली. पण नाक तिथून काढेना. कंडक्टरने दोनदा हाक मारली तरी नाही.

"शिवा, गाडी सुटंन."

"थांबा की. सर्दी झालीया मला. बराबर वास येऊन न्हाई राह्यला."

सर्दी जाऊन महिना झाला होता. मी खांदा तसाच पुढे धरून उभा राहिलो.