भिंतीला टेकू नये

भिंत ही मुळात निष्कलंक असते; तिला डाग लागतात ते माणसांच्या सहवासाने. हेडक्लार्कांच्या स्वतंत्र अभ्यासानुसार घरातले साठ टक्के डाग मोठ्या माणसांमुळे पडतात, तीस टक्के मुलांमुळे आणि उरलेले दहा टक्के पाहुण्यांमुळे. (मुक्काम लांबल्यास हे प्रमाण बदलते.) भिंतीने भिंतीला डाग लावल्याचे एकही उदाहरण त्यांना आढळले नाही.

हेडक्लार्क कार्यालयात कुणाच्या अध्यात ना मध्यात असत, आणि घरातही तसेच. त्यांच्या आयुष्यात भिंत आली ती वडिलांच्या खुर्चीमागून. बैठकीच्या खोलीची ती भिंत जिप्सम बोर्डाची होती. टकटक केली तर रिकाम्या डब्यासारखी वाजायची. म्हातारबुवांची लाकडी खुर्ची कायम तिच्या पुढ्यात. खुर्ची मागच्या दोन पायांवर कलती करायची, डोके भिंतीला टेकायचे आणि दाराकडे बघत बसायचे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ उद्योग होता. संध्याकाळी मुलगा दारात आला की ते विचारत, "आलास?" मुलगा म्हणे, "हो." बापलेकांचे दिवसभराचे बोलणे एवढेच, पण ते कधी चुकले नव्हते.

या प्रदीर्घ सेवेत भिंतीवर डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग उमटला होता, आणि त्याखाली खुर्चीची पाठ टेकून टेकून बोर्ड खचत चालला होता. एके दिवशी तो फुटला आणि म्हातारबुवा खुर्चीसकट थोडेसे भिंतीत गेले. लागले कुणालाच नाही, पण बशीएवढे भोक पडले.

रंगाऱ्याला बोलावले. त्याने भोक पाहिले, भिंतीला खांदा टेकला आणि कामाविषयी आपले मत सांगायला सुरुवात केली. मत ऐकून घेण्यापूर्वीच हेडक्लार्कांनी त्याला निरोप दिला. जो मनुष्य भिंतीला टेकतो, त्याच्या हाती भिंत सोपवणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते.

काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतले. फुटका भाग चौकोनी कापला, मागे लाकडाची पट्टी बसवली, तिच्यावर बोर्डाचा नवा तुकडा स्क्रूने आवळला. सांध्यांवर जाळीची पट्टी, तिच्यावर लांबीचा लेप, लेप वाळला की पॉलिश पेपर, मग पुन्हा लांबी, पुन्हा पॉलिश पेपर. घरभर पांढरी धूळ झाली आणि बायको पिठाच्या गिरणीत नांदायला आल्यासारखी वावरू लागली. शेवटी प्रायमर आणि रंगाचे दोन हात. रंगाचे नाव 'पहाटेची साय'. एवढ्यावर भागले असते. परंतु तिरप्या उजेडात ठिगळ दिसायला लागले, म्हणून पूर्ण भिंत रंगवली. मग उरलेल्या तिन्ही भिंती तिच्याशेजारी आश्रितासारख्या दिसू लागल्या, म्हणून त्याही रंगवल्या.

रंग वाळल्यावर हेडक्लार्क खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांना मनापासून आनंद झाला. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी एखादे काम तडीस नेले होते, आणि तेही वर कुणाची सही न घेता.

यापुढचा कारभार संपूर्णपणे तर्काला धरून झाला, हे नमूद करणे आवश्यक आहे. फर्निचर भिंतीला घासते, सबब ते भिंतीपासून हातभर दूर आले. सोफा, टेबल आणि कपाट खोलीच्या मध्यभागी पाठीला पाठ लावून उभे राहिले. घड्याळाला खिळा लागतो आणि खिळ्याने भिंतीला इजा होते, सबब घड्याळ सोफ्यावर बसले. (डोक्याला तेल न लावणारे घरातले ते एकमेव असल्याने त्याला ही सवलत होती.) दिव्यांची बटणे भिंतीतच असल्यामुळे ती फक्त हेडक्लार्कांनी, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबायची असे ठरले. मेहुणी तान्हे बाळ घेऊन आली, तेव्हा तिला मधल्या स्टुलावर बसवले आणि बाळ सगळा वेळ वरच्यावर धरायला लावले. ती पुन्हा आली नाही, त्यामुळे पाहुण्यांचे दहा टक्के आपोआप निकालात निघाले. पालीला मात्र नियम समजावून सांगता येईना.

एकदा बायको वैतागून म्हणाली, "अहो, पंखा जरा हळू करा. भिंतीला वारा लागेल."

हेडक्लार्कांनी तिचे आभार मानले आणि पंखा हळू केला.

म्हातारबुवांची खुर्चीही अर्थातच मध्यभागी आली. मागे भिंत नसताना खुर्चीत रेलता येत नाही, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. त्यात हेडक्लार्कांचा दोष नाही. म्हातारबुवा काही दिवस मुलाखतीला बोलावल्यासारखे ताठ बसून राहिले. मग एका दुपारी त्यांनी खुर्ची उचलली आणि गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवली. तिथली भिंत सगळ्यांची होती, म्हणजे कुणाचीच नव्हती. ते निवांत रेलले. त्यांच्यामागून बायको भाजी निवडायला गेली, मुलांपैकी थोरला अभ्यासाला गेला, धाकटी नुसतीच गेली. तिथे बसायची अडचण होती, पण टेकायची सोय होती.

त्या संध्याकाळी हेडक्लार्क घरी आले, तर खोली आदर्श स्थितीत होती. एकही डाग नाही, एकही माणूस नाही. ते दारात थांबले. कुणी काही विचारले नाही. वहाणा काढल्या, तरीही कुणी विचारले नाही.

"आलो," ते भिंतीला म्हणाले.

भिंत काही बोलली नाही. चांगल्या भिंती बोलत नाहीत. ते घड्याळाशेजारी थोडा वेळ ताठ बसले. तेवढ्यात वरून धाकटीचे हसणे ऐकू आले. ते जिना चढून वळणापाशी गेले. म्हातारबुवा खुर्चीत रेललेले होते.

"आलास?"

"हो," हेडक्लार्क म्हणाले. बायकोने सरकून जागा केली. ते बसले, भिंतीला पाठ टेकली, आणि किती दिवसांची अवघडलेली ती पाठ मोकळी झाली. धाकटी त्यांच्या अंगावर रेलली. त्यांना वाटले, सुख म्हणजे तरी दुसरे काय असते?

मग त्यांची नजर वडिलांच्या डोक्यामागे गेली.

"बाबा," ते हळूच म्हणाले, "जरा डोकं पुढे घेता का?"

बायकोने भाजीची परात उचलली, थोरल्याने पुस्तके, म्हातारबुवांनी खुर्ची. धाकटीने आजोबांचा हात धरला आणि सगळे मुकाट्याने वर गच्चीत गेले. गच्चीला कठडा आहे. त्याला अजून रंग दिलेला नाही.

वाचकांच्या घरातल्या भिंती स्वच्छ असतील, तर त्यांचे हार्दिक अभिनंदन. फक्त तिथे पूर्वी कोण टेकून बसायचे, तेवढे आठवून पाहावे. आठवत नसेल, तर रंग उत्तम बसला आहे असे समजावे.